पीसीपी रायफलची हवा सारखी संपते, भरणी महाग पडते: नेमकं बिघडतंय कुठे ते कसं शोधायचं

"टाकी भरून आणली तेव्हा गेज २३२ बार दाखवत होतं. अठरा-वीस वेळा रायफल भरली आणि आता ती २०० पर्यंत चढतच नाही. टाकीत मात्र अजून १९५ बार आहेत." पीसीपी रायफल, म्हणजे आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणारी छर्ऱ्याची रायफल, वापरणाऱ्यांची ही नेहमीची तक्रार. हातपंप मारून खांदे भरून येतात, छोटा कॉम्प्रेसर तिसऱ्या महिन्यात दम तोडतो, काल भरलेली रायफल सकाळी १५ बार खाली दिसते, याही तक्रारी तितक्याच जुन्या. प्रत्येकीवर लोक एकच उपाय करतात: आणखी मोठं यंत्र घेतात. बहुतेक वेळा त्याची गरज नसते. आधी हिशेब, मग गळती, मग यंत्र, या क्रमाने गेलात तर निम्मे प्रश्न पैसे न घालता सुटतात.

टाकीतली किती हवा खरंच उपयोगी आहे

हवेचं मोजमाप सोपं आहे: टाकीचे लिटर गुणिले बार (बार हे दाबाचं एकक). १२ लिटरची स्टीलची टाकी २३२ बारला भरली की तिच्यात साधारण २,७८४ लिटर मोकळी, म्हणजे न दाबलेली, हवा मावते. पण रायफल २०० बारपर्यंत भरायची असेल तर टाकीचा दाब २०० वर आला की काम थांबलं, कारण हवा जास्त दाबाकडून कमी दाबाकडेच जाते. म्हणजे उपयोगी हवा फक्त वरच्या ३२ बारची. ३२ गुणिले १२, झाले ३८४ लिटर. उरलेल्या २,४०० लिटरसाठीही तुम्ही पैसे मोजले आणि टाकी उचलून आणली, पण २०० बारच्या भरणीला ती हवा कामाची नाही.

रायफलची हवेची नळी (जिच्यात भरलेली हवा साठते) २०० मिलिलिटरची धरा आणि दर वेळी १०० वरून २०० बारला भरता असं समजा. एका भरणीला २० लिटर लागतात, म्हणजे ३८४ लिटरमध्ये १९ भरण्या. वरच्या तक्रारीत टाकी अगदी ठणठणीत आहे, आकडा बरोबर तोच येतोय.

आता ६.८ लिटरची कार्बन फायबरची टाकी घ्या, ३०० बारची. आकाराने जवळपास निम्मी आणि उचलायला कितीतरी हलकी. २०० च्या वर तिच्यात १०० बार आहेत, म्हणजे कागदावर ६८० लिटर आणि ३४ भरण्या. प्रत्यक्षात ३०० बारला हवा या साध्या गुणाकाराप्रमाणे दबत नाही, सुमारे दहा टक्के कमी मावते, त्यामुळे २८ च्या आसपास भरण्या धरा. तरीही ती दुप्पट आकाराच्या टाकीला मागे टाकते. टाकी निवडताना लिटरपेक्षा रायफलच्या दाबाच्या वर किती बार मिळतात ते आधी बघा. तुमची रायफल २५० बारची असेल तर २३२ ची टाकी कितीही मोठी असो, पहिली भरणीसुद्धा पूर्ण होणार नाही.

२०० बार भरायलाच हवेत का?

रेग्युलेटर (झडपेकडे जाणारा दाब एकसारखा ठेवणारा भाग) नसलेल्या रायफलीत ठासून भरलेले पहिले शॉट बहुधा हळू जातात. आतला दाब झडपेवर इतका बसतो की हातोडीचा ठोका तिला पुरेशी उघडू शकत नाही. दाब उतरत जातो तसा वेग वाढतो, शिखर गाठतो आणि मग घसरतो. म्हणजे सगळ्यात वरचे बार तुम्ही सगळ्यात महाग हवेने भरता आणि त्यांतून मिळतात सगळ्यात बेभरवशाचे शॉट.

क्रोनोग्राफ, म्हणजे छर्ऱ्याचा वेग मोजणारं यंत्र, घ्या. उत्पादकाने दिलेल्या कमाल दाबापर्यंत रायफल भरा आणि एकाच वजनाचे, एकाच डबीतले छर्रे वापरून दर पाच शॉटनंतर दाब आणि वेग लिहून ठेवा. सर्वांत जास्त वेगापासून तीन-चार टक्क्यांच्या आत राहणारा पट्टा सापडेल. समजा तो १८० ते १०० बार निघाला. मग २०० पर्यंत जायचं कारणच उरत नाही. त्याच १२ लिटरच्या टाकीत आता ५२ गुणिले १२, म्हणजे ६२४ लिटर उपयोगी आणि एका भरणीला लागतात १६ लिटर. १९ च्या जागी ३९ भरण्या. भरणीचा दाब फक्त २० बार खाली आणला आणि टाकीच्या फेऱ्या निम्म्या झाल्या. या एका मोजमापाइतका फायदा दुसरी कुठलीही खरेदी देत नाही.

रेग्युलेटर असलेल्या रायफलीत तर हे आणखी सोपं. रेग्युलेटर १२० बारला लावलेला असेल तर २५० भरा किंवा १८० भरा, वेग तोच राहतो, फक्त एका भरणीतले शॉट कमी होतात.

दोन टाक्या असतील तर क्रम पाळा. १०० वर आलेल्या रायफलीला आधी उतरलेली, १६० बारची टाकी लावा. ती जवळजवळ १६० पर्यंत नेईल. मग भरलेली टाकी लावून १६० वरून २०० करा. भरलेल्या टाकीतून २० ऐवजी ८ लिटरच जातात, म्हणजे १९ भरण्यांच्या जागी ४८. उतरलेली टाकी घाईने भरायला पाठवायचं कारण नाही.

आणखी एक गळका खर्च भरण्याच्या नळीत असतो. प्रत्येक भरणीनंतर नळीतली हवा ब्लीड करून सोडावीच लागते. एक मीटर लांब, आतून ४ मिलिमीटर व्यासाची नळी असेल तर तिच्यात १२.६ मिलिलिटर मावतात. २०० बारला ही झाली अडीच लिटर हवा, दर वेळी वाया. २ मिलिमीटर व्यासाच्या मायक्रोबोअर नळीत तेच नुकसान ०.६ लिटरवर येतं. १६ लिटरच्या भरणीत अडीच लिटर म्हणजे थोडंथोडकं नाही.

रात्रीत दाब उतरला, म्हणजे गळतीच का?

घाईने भरलेली हवा तापते. रायफलच्या नळीतली हवा ४५ अंशांना असताना गेज २०० दाखवत असेल तर ती २५ अंशांवर आली की तेच गेज १८७ दाखवेल. एक थेंबही कुठे गळलेला नसतो. खोलीचं तापमान ३० वरून २० वर आलं तरी २०० चे १९३ होतात. म्हणून टाकीचा व्हॉल्व्ह हळू उघडा, १०० बार चढायला किमान एक मिनिट जाऊ द्या, आणि गळतीची शंका असेल तर भरल्यानंतर दोन तासांनी पहिली नोंद घ्या. पुढची नोंद २४ तासांनी, त्याच खोलीत, त्याच वेळी.

गेजवरही फार विसंबू नका. ४०० बारचं, १.६ वर्गाचं (म्हणजे पूर्ण मापाच्या १.६ टक्के चूक चालणारं) गेज नियमातच ६.४ बार इकडेतिकडे असू शकतं. रायफलवरचं बोटाच्या पेराएवढं गेज त्याहून ढिलं. टाकीचं आणि रायफलचं गेज १० बारने वेगळं बोलत असेल तर दोन्ही बरोबर असू शकतात. मोठ्या डायलच्या एका चांगल्या गेजला प्रमाण माना आणि बाकीच्यांवर किती फरक आहे ते चिकटपट्टीवर लिहून लावा.

एवढं करूनही दाब पडत असेल तर गळती शोधायची. रायफलीत छर्रा नाही याची दोनदा खात्री करा, तोंड सुरक्षित दिशेला ठेवा. भांड्यांच्या साबणाचं दाट पाणी छोट्या ब्रशने या क्रमाने लावा: भरण्याचं छिद्र, गेजचा सांधा, हवेची नळी ज्या धातूच्या ठोकळ्यात बसते तो जोड, रेग्युलेटरचं बारीक श्वासछिद्र, आणि शेवटी जिथून छर्रा बाहेर पडतो ते बॅरलचं तोंड. लगेच पुढे जाऊ नका, प्रत्येक जागी मिनिटभर बघा. बारीक गळतीत मोठे बुडबुडे येत नाहीत, मोहरीएवढा पांढरा फेस एका जागी साचत जातो.

फेस कुठे आला त्यावरून दोषी भाग कळतो. भरण्याच्या छिद्रातून येत असेल तर आतल्या चेक व्हॉल्व्हवर (हवा एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या झडपेवर) कचरा किंवा झीज. गेजच्या बुडाशी असेल तर बॉंडेड वायसर (रबराची कड असलेली धातूची चकती) बदला. तिथे टेफ्लॉन टेप गुंडाळू नका, समांतर आट्यांत टेप सील करत नाही आणि तिचे तंतू थेट झडपेवर जाऊन बसतात. रेग्युलेटरच्या छिद्रातून हवा येत असेल तर त्याच्या पिस्टनची ओ-रिंग (सील करणारी रबराची कडी) गेली. तोंडातून येत असेल तर मुख्य झडपेच्या बैठकीवर कण किंवा ओरखडा आहे. अशा वेळी सुरक्षित जागी चार-पाच रिकामे शॉट मारून बघा, कण असेल तर तो उडून जातो. उत्पादकाने रिकामे शॉट मना केले असतील तर छर्रे घालून मारा.

एक प्रकार मात्र गळतीसारखा दिसतो आणि गळती नसतो. रायफल पूर्ण रिकामी झाली की हातोडी झडपेच्या दांडीवर टेकून राहते आणि झडप किंचित उघडी राहते. हातपंपाची मंद हवा तिला बंद करू शकत नाही, भराल तितकी तोंडातून निघून जाते. रायफल कॉक करा, म्हणजे हातोडी मागे जाईल, आणि मग भरा.

उघडण्याआधी दाब पूर्ण काढा, ब्लीड स्क्रू असेल तर त्यानेच, हळूहळू. दाबाखाली एकही आटा ढिला करायचा नाही. निघालेली ओ-रिंग फेकण्याआधी भिंगाखाली धरा. एका बाजूने सपाट झाली असेल तर ती फक्त म्हातारी झाली आहे. कडेचे बारीक तुकडे कुरतडल्यासारखे निघाले असतील तर दाबाने तिला फटीत ढकललं, तिथे ७० ऐवजी ९० ड्युरोमीटरची, म्हणजे जास्त कडक, रिंग हवी. पृष्ठभागावर फोड आले असतील तर दाब फार झपाट्याने सोडला गेला आणि रबरात मुरलेली हवा फुगून बाहेर आली. काळी, कडक, करपलेली असेल तर आत तेल पेटलंय. अशा वेळी रिंग बदलून भागणार नाही, तेल कुठून आलं ते शोधावं लागेल.

हातपंप

तीन टप्प्यांचा हातपंप बिघडण्यापूर्वी बराच काळ इशारा देत असतो, फक्त मोजायला हवं. पंप नवा असताना १०० ते १५० बारमध्ये दर १० बारला किती स्ट्रोक लागतात ते लिहून ठेवा. २०० मिलिलिटरच्या नळीत १० बार म्हणजे २ लिटर हवा, म्हणून हा आकडा ठरलेला असतो. तो दीडपट झाला की सील झिजले.

दांडा खाली दाबून सोडला की थोडा वर येणं साहजिक आहे, अडकलेली हवा प्रसरण पावते. पण तो जोरात उसळून वर येत असेल तर वरच्या टप्प्याची हवा आतल्या चेक व्हॉल्व्हमधून परत येतेय. दांडा लोण्यासारखा सरकतोय आणि गेज हलत नाही, तर पहिल्या टप्प्याची ओ-रिंग बघा. पंप थांबवल्यावर गेज खाली येत असेल तर आधी ब्लीड स्क्रू, मग बाहेर जाणारा चेक व्हॉल्व्ह.

झीज होते ती उष्णतेने. ४०-५० स्ट्रोक झाले की पाच-दहा मिनिटं थांबा. पंपाचं बूड हाताला चटका देत असेल तर त्याआधीच. वर आणि खाली दोन्ही टोकांना सेकंदभर थांबून पूर्ण स्ट्रोक मारा, कारण अर्धा स्ट्रोक मारला की वरच्या टप्प्यात हवा पोचतच नाही, नुसती गरम होते. हात सरळ ठेवून शरीराचं वजन टाका. थांबताना ब्लीड उघडून पाणी बाहेर पडू द्या.

वंगण म्हणून फक्त शुद्ध सिलिकॉन ग्रीस, तेही पुसून राहील इतकं. खनिज तेल, मशीनचं तेल, गंज काढायचा स्प्रे, यांतलं काहीही हवेच्या मार्गात नको. उच्च दाबाला हवा इतकी तापते की तेलाची वाफ डिझेल इंजिनासारखी पेटते.

छोटा कॉम्प्रेसर दम का तोडतो

१२ व्होल्टवर चालणारे छोटे कॉम्प्रेसर रायफलीसाठी बनलेले असतात, टाकीसाठी नाही. हे आकड्यांत बघा. तुमचा कॉम्प्रेसर २५० मिलिलिटरची नळी १०० वरून २०० बारला ५ मिनिटांत नेत असेल तर तो मिनिटाला ५ लिटर देतो. ६.८ लिटरची टाकी २०० वरून ३०० ला न्यायला ६८० लिटर हवी. १३६ मिनिटं, तीही वरच्या दाबाला वेग कमी होणार नाही असं गृहीत धरून. जे यंत्र १५-२० मिनिटं चालवून थंड करायचं, ते सव्वादोन तास सलग चालवलं तर पिस्टनचे सील जळणारच. टाकी भरायचीच असेल तर पाण्याने थंड होणारा मोठा कॉम्प्रेसर लागतो, किंवा साध्या ८ बारच्या कॉम्प्रेसरवर चालणारा, हवेचा दाब आणखी वाढवणारा बूस्टर. बूस्टर हळू चालतो, पण तासन्‌तास चालतो.

वीज कमी पडली तरी तोच त्रास. २६० वॉट, १२ व्होल्ट म्हणजे साधारण २२ अँपिअर. मूळ वायरला ५ मीटरची जोडवायर लावली, २.५ चौरस मिलिमीटर तांब्याची असली तरी, तिच्यात दीड व्होल्ट पडतो. मोटर मंदावते, तापते, आणि १५० बारनंतर अडखळून बंद पडते. गाडीच्या बॅटरीवर चालवत असाल तर चिमटे थेट बॅटरीला लावा, इंजिन मोकळ्या जागेत चालू ठेवा, आणि पाच मिनिटांनी चिमटा हात लावून बघा. गरम असेल तर तिथेच गंज किंवा ढिला जोड आहे.

अचानक मोठा आवाज होऊन सगळी हवा निघून गेली तर घाबरू नका, बर्स्ट डिस्क, म्हणजे दाब फार वाढला की फुटणारी पातळ चकती, फुटली. तिचं कामच ते. त्याच दाबाची नवी डिस्क बसवा. एकावर एक दोन डिस्क ठेवणं किंवा नाण्याचा तुकडा कापून बसवणं म्हणजे शेवटचं संरक्षण काढून टाकणं. नवी डिस्कही फुटली तर दाब बंद करणारं स्विच किंवा गेज चुकतंय, आधी ते तपासा.

तेल लागणाऱ्या कॉम्प्रेसरमध्ये मार्गदर्शिकेत लिहिलेलंच तेल, लिहिलेल्या रेषेपर्यंत. रेषेच्या वर भरलेलं तेल पिस्टनच्या बाजूने हवेत जातं.

पाणी, जे कुणालाच दिसत नाही

३० अंश तापमान आणि ७० टक्के आर्द्रता असेल तर एका घनमीटर हवेत सुमारे २१ ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात असतं. १२ लिटरची टाकी रिकामीपासून २३२ बारला भरताना यंत्र २.८ घनमीटर हवा ओढतं, म्हणजे ५८ ग्रॅम पाणी. १० चमच्यांहून जास्त. २०० मिलिलिटरच्या रायफलीच्या २० लिटरच्या एका भरणीमागे ०.४ ग्रॅम. दाबलेली हवा त्यातला अगदी थोडा भाग वाफ म्हणून धरून ठेवते, बाकीचं पाणी होऊन कुठेतरी बसतं: विभाजकात (हवेतलं पाणी वेगळं करणाऱ्या भागात), किंवा विभाजक नसेल तर तुमच्या रायफलीच्या नळीत. तिथे ते स्टीलला गंज देतं, रेग्युलेटरचे वायसर चिकटवतं, आणि मग महिन्यापूर्वी एकसारखा असलेला वेग वरखाली व्हायला लागतो.

कॉम्प्रेसर चालू असताना दर पाच-दहा मिनिटांनी विभाजकाचा ड्रेन उघडा. निघालेलं पाणी पांढऱ्या कागदावर घ्या. स्वच्छ असेल तर ठीक. ताकासारखं पांढरट असेल तर त्यात तेल मिसळलंय, पिस्टनचे सील किंवा तेलाची पातळी तपासा. विभाजकानंतर १३एक्स मॉलिक्युलर सीव्हचं फिल्टर लावा, ते उरलेली वाफ शोषतं, आणि टाकी भरत असाल तर त्यानंतर सक्रिय कोळसा. सीव्ह मोकळ्या हवेत ठेवलं की काही तासांत आर्द्रता पिऊन निकामी होतं, म्हणून डबा हवाबंद ठेवा. कापसाचं साधं फिल्टर थेंब पकडतं, वाफ नाही.

टाकी कधीच शून्यावर आणू नका. ३०-५० बार शिल्लक ठेवले की बाहेरची दमट हवा आत शिरत नाही.

जोडण्या आणि मुदती

टाकीचा डिन व्हॉल्व्ह (ज्यात जोडणी आट्यांनी फिरवून बसवतात) दोन वेगवेगळ्या खोलाईंचा मिळतो. ३०० बारच्या टाकीत जोडणीची जागा जास्त खोल असते, त्यामुळे २३२ बारची आखूड जोडणी पूर्ण फिरवली तरी ओ-रिंगपर्यंत पोचत नाही आणि फुसफुसते. उलट लांब ३०० ची जोडणी २३२ च्या व्हॉल्व्हमध्ये बसते. गळतीमागे हे कारण असेल तर पाना मारून आवळण्यात अर्थ नाही. डिन हाताने घट्ट करायचा असतो, सील ओ-रिंग करते. फॉस्टर कपलर (भरण्याच्या नळीच्या टोकाचा झटपट लागणारा जोड) काढण्याआधी ब्लीड उघडून नळीतला दाब सोडा, ओढून सुटत नसेल तर दाब शिल्लक आहे.

टाकीवर कोरलेली चाचणीची तारीख बघा. दाब-चाचणीची मुदत देशागणिक आणि टाकीच्या प्रकारानुसार बदलते, आणि कार्बन फायबरच्या बऱ्याच टाक्यांना एकूण आयुष्यमर्यादाही असते. जुनी स्वस्त टाकी घेताना उरलेली वर्षं आणि पुढच्या चाचणीचा खर्च भरण्यांच्या संख्येत वाटून बघा. दहा मीटर स्पर्धेच्या रायफलींच्या काढता येणाऱ्या सिलिंडरवर बहुतेक उत्पादक १० वर्षांची मुदत देतात. आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या) नियमांनुसार सिलिंडर मुदतीत असण्याची जबाबदारी खेळाडूची आहे.

हवेच्या जागी कोरडा नायट्रोजन चालतो आणि रायफलला तो उलट बरा, कारण त्यात पाणी नसतं. खोली मात्र हवेशीर हवी. ऑक्सिजन कधीही नाही, तेलाचा किंवा ग्रीसचा अंश आणि दाबाखालचा ऑक्सिजन एकत्र आले की स्फोट होतो. ऑक्सिजनसाठी वापरलेली नळी किंवा अडॅप्टरही रायफलीच्या कामाला घेऊ नका.